सहा एकर माळ, विकतचा खुराक नाही: मांसासाठी कोणती जात धरावी?

बालाघाटकर | ५ ऑक्टोबर, रात्री ९:४०

रामराम मंडळी. बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या माथ्यावर आमची नऊ एकर जमीन आहे. तीन एकर वहितीची, तिच्यात ज्वारी आणि तूर. उरलेली सहा एकर नुसता माळ. आजवर तो गावच्या जनावरांनी खरडून काढलेला असायचा. गेल्या उन्हाळ्यात चारी बाजूंनी चर मारला, बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि यंदा पहिल्यांदा त्याच माळावर गुडघ्याएवढं गवत उभं राहिलेलं पाहिलं. वडील रोज संध्याकाळी तिकडं जाऊन नुसते बघत बसतात.

मी चाकणला कंपनीत आहे. आईवडिलांनी अठरा वर्षं ऊस तोडला. वडील आता पासष्टीचे आहेत, कोयता ठेवून दिलाय. दिवाळी झाली की आमचं निम्मं गाव कारखान्याला जातं, त्यामुळं गडी मिळत नाही. जे जनावर घेऊ ते वडिलांना एकट्याला आवरलं पाहिजे.

दुधाचा व्याप नको, वस्तीवर डेअरीची गाडी येत नाही. सरकी पेंड, गोळीपेंड विकत आणायची नाही. माळावरचं गवत, घरचा कडबा आणि तुरीचं भुसकट, एवढ्यावर वाढेल आणि मांसासाठी विकता येईल असं जनावर हवंय. परदेशात छोट्या शेतांवर फक्त गवतावर मांसाच्या गायी पाळतात, अँगस, हेरफर्ड, डेक्स्टर अशा जाती, असं वाचलंय. आपल्याकडं त्या धर्तीवर काय करता येईल? लाल कंधारी, देवणी, मराठवाडी म्हैस, दख्खनी मेंढी, उस्मानाबादी शेळी, की बोअर या परदेशी मांसाच्या शेळीचा संकर? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा, पाया पडतो.

निवृत्त_पशुवैद्य | ५ ऑक्टोबर, रात्री १०:१५

आधी कायद्याचं सांगतो, म्हणजे पुढची चर्चा भरकटणार नाही. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यापासून बंदी आहे आणि मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. मांसासाठी गोवंश हा विषय इथं संपतो. म्हशी-रेड्यांना पशुवैद्यकाच्या दाखल्यावर परवानगी आहे. शेळी-मेंढीला अशी आडकाठी नाही.

म्हणजे तुमच्यापुढं तीन वाटा उरतात: रेडे, शेळ्या, मेंढ्या. जातीचं नाव नंतर. माळावर गवत कोणतं आहे आणि झाडझुडूप किती, ते आधी लिहा.

कंधारचा_लाल | ५ ऑक्टोबर, रात्री १०:५२

डॉक्टरसाहेब म्हणतात ते कायद्यानं बरोबर, पण लाल कंधारीला यादीतून असं काढू नका हो. मांसाला नाही तर पैदाशीला पाळा. आमच्या घरात चौथी पिढी आहे. गडद लाल अंग, उन्हात तांब्याच्या घागरीसारखं चमकतं. मे महिन्यात बाकीची ढोरं सावलीला धापा टाकतात तेव्हा आमची गाय माळावर तोंड खाली घालून वाळकी काडी वेचत असते. दूध कमी, दोन-तीन लिटर, हे मान्य. पण चांगल्या गोऱ्ह्याला माळेगावच्या यात्रेत आजही गिऱ्हाईक उभं असतं. देवणीचंही तसंच. वानेरा, बालंक्या, शेवरा अशा तिच्या तिन्ही रंगांच्या जोड्या बघायच्या असतील तर हाळी-हंडरगुळीच्या बाजारात या.

बालाघाटकर | ६ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

डॉक्टरसाहेब, वडिलांना फोनवर विचारून लिहितो. वरच्या अंगाला सगळी कुसळी. नाल्याच्या कडेनं पाऊण-एक एकर मारवेल. मध्ये खडकाळ पट्टा, तिथं काही नाही. सहा बाभळी, बांधावर बोरीची झुडपं, तरवड भरपूर. तरवडाला कुणी तोंड लावत नाही.

कंधारच्या दादा, तुमच्या गायींबद्दल वाचून मन भरून आलं. आजोबांकडं लालच जोडी होती. पण गोऱ्हा तयार करायला तीन वर्षं लागतात आणि आता शेजारच्या दहा घरांत ट्रॅक्टर आहे. माळेगावला घेऊन जायचं तर वडिलांना झेपायचं नाही.

नवउद्योजक_जालना | ६ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

भाऊ, एवढा विचार कशाला? राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० शेळ्या आणि ५ बोकडांच्या प्रकल्पाला ५० टक्के अनुदान आहे, १० लाखांपर्यंत. बोअर संकर घ्या, वजन पटापट येतं. जमीन आहे, फक्त प्रकल्प अहवाल करायचा.

येरमाळ्याची_लेक | ६ ऑक्टोबर, दुपारी २:२०

अनुदान खरं आहे, पण १०० शेळ्या सहा एकर माळावर चरत नाहीत. त्या गोठ्यात उभ्या राहतात आणि त्यांना चारा-खुराक दोन्ही आणून घालावा लागतो. मूळ प्रश्नात विकतचा खुराक नाही असं स्वच्छ लिहिलंय.

आमच्या बचत गटात ११ बायका आहेत. सगळ्यांकडं मिळून ५०-५५ उस्मानाबादी असतील. काळीभोर शेळी, लोंबते कान, वेताला बहुतेक वेळा जुळी. चौदा-पंधरा महिन्यांत दोन वेत होतात. मोठी शेळी ३०-३२ किलोची, बोकड त्याहून थोडा जड. दिसायला बोअरपुढं लहान, पण माझ्या पोरीच्या शाळेची फी आजवर हिनंच भरलीय.

चार वर्षांपूर्वी गटातल्या दोघींनी एका व्यापाऱ्याकडून 'शुद्ध' म्हणून बाहेरच्या राज्यातले मोठे बोकड आणि पाटी, म्हणजे तरण्या शेळ्या, घेतल्या. लसीचा कागद दाखवला होता त्यानं. आठव्या दिवशी एका पाटीच्या नाकातून पाणी, तोंडात फोड, मग हगवण. पीपीआर होता, शेळ्यामेंढ्यांचा जीवघेणा साथीचा रोग. सतरा जनावरं गेली, त्यात घरच्या नऊ. मी त्या गोठ्यात शेण भरायला मदतीला जायची. ती शांतता अजून आठवते. तेव्हापासून आमचा नियम आहे: बाहेरचं जनावर २१ दिवस वेगळं बांधल्याशिवाय कळपात नाही.

दादा, तुम्ही उस्मानाबादीच घ्या. तुळजापूरजवळ तीर्थला आणि तुमच्या जिल्ह्यात अंबाजोगाईला शेळी-मेंढी महामंडळाची प्रक्षेत्रं आहेत, तिथं पैदाशीचा बोकड मिळतो का विचारा.

मेंढपाळ_आष्टी | ६ ऑक्टोबर, रात्री ८:४५

ताई तुमची शेळी चांगली हाय पर त्यांच्या माळावर ती काय खाणार. शेळी वर बघून खाती, मेंढी खाली बघून. शेळीला पाला लागतो. बोर, बाभूळ, लोखंडी, सुबाभूळ. कुसळीच्या माळात शेळी सोडा, ती दोन घास खाऊन कुंपण बघत बसंल. मेंढरू गवताचं जित्राब हाय. आमच्या बापजाद्यांनी दख्खनी मेंढरावरच जिंदगी काढली, पेंड म्हंजी काय त्याला ठाव बी नाय.

पर कुसळी हाय म्हणता त्याचं आधी बगा. कुसळं आली की मेंढीच्या लोकरीत घुसत्यात, तिथून कातड्यात. डोळ्यात गेलं तर डोळा जातो. तोंडात रुतलं की खाणं बंद. माळ आत्ता कोणत्या टायमाला हाय? कुसळ काळं पडलं का हिरवं हाय?

बालाघाटकर | ७ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

काल रात्रीच्या गाडीनं गावी आलोय, आत्ता माळावरूनच लिहितोय. वरच्या अंगाला कुसळं निघालीत. टोक तपकिरी आणि टणक, पँटला पन्नासएक टोचलेत. खालच्या उतारावर अजून पोटरीत आहेत. एक कुसळ तळहातावर ठेवून थुंकी लावली तर ते स्वतःभोवती पीळ सोडत गरगरायला लागलं. लहानपणी आम्ही हा खेळ खेळायचो, पण तेच मेंढीच्या कातडीत शिरत असेल हे आज पहिल्यांदा डोक्यात आलं.

निवृत्त_पशुवैद्य | ७ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

आष्टीच्या भावानं मुद्द्यावर बोट ठेवलं. बालाघाटकर, गावी आहातच तर दोन कामं करा.

पहिलं: खालच्या उतारावरची कुसळी फुलोऱ्याआधी आहे तोवर आजउद्या कापून वाळवा. त्या अवस्थेत ते बरं गवत असतं. पिकल्यावर काडी आणि काटा उरतो. वरची पिकलेली कापून वेगळी रचा, छपराला वापरा. पुढच्या वर्षी सप्टेंबर संपायच्या आत कापणी. दोन-तीन वर्षं बी पडू दिलं नाही तर मारवेल, पवना ही चांगली गवतं तिची जागा घेतात. पहिल्या पावसात मारवेलची ठोंबं लावा आणि मोकळ्या जागी स्टायलो या चाऱ्याचं बी फेका.

दुसरं: एक मीटर लांबीच्या चार काठ्या घ्या, चौकोन बांधा. माळावर पाच वेगवेगळ्या जागी तो टाका. चांगली जागा निवडून टाकायचा नाही, पाठ करून फेका. आतलं गवत जमिनीपासून दोन बोटं सोडून कापा, पाच पिशव्यांत भरा, उन्हात पाच दिवस वाळवा आणि काट्यावर तोला. जातीवर आपण त्यानंतर बोलू.

परदेशी_नांदेडकर | ७ ऑक्टोबर, दुपारी ४:१०

मी कामानिमित्त सात वर्षं स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनजवळ राहतो. अँगस मूळची इथलीच. काळी, बिनशिंगांची, आखूड पायांची. माझ्या घरमालकाकडं तीस गायी आहेत, म्हणून मूळ प्रश्नातल्या त्या भागाबद्दल लिहितो.

इथले जुने शेतकरी एक गोष्ट वारंवार सांगतात. गवतावर मांस तयार करायचं असेल तर फार मोठ्या हाडापेराचं जनावर घेऊ नये. ते आधी उंच होतं, मग रुंद होतं, आणि चरबी धरायच्या आत हिवाळा येतो. मग धान्य घालावं लागतं. मध्यम बांध्याचं, लवकर भरणारं, दरवर्षी वासरू देणारं जनावर गवतावर फायद्याचं. म्हणून छोट्या शेतावर लोक आयर्लंडची बुटकी डेक्स्टरही पाळतात.

पण इथला पाऊस बाराही महिने थोडा थोडा पडतो. वर्षाची बेरीज आपल्यापेक्षा फार वेगळी नाही. आपल्याकडं तो जून ते सप्टेंबर पडतो आणि मग आठ महिने आभाळ कोरडं. त्यामुळं इथली गाय तिथं आणण्याचा विचारही करू नका. जगानं गरम मुलखासाठी मांसाच्या गायी आपल्याकडूनच नेल्यात. ब्राझीलची नेलोर ही आंध्रातल्या ओंगोलची लेक आहे, तिचं नावच नेल्लोरवरून आलं. अमेरिकेच्या ब्राह्मणमध्ये गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपली कृष्णाकाठची कृष्णा व्हॅली यांचं रक्त आहे. ऊन सोसणारं, वाळकं खाऊन टिकणारं जनावर आपल्या दारात आहे.

टोणगा_केज | ७ ऑक्टोबर, रात्री ९:२५

रेड्यांबद्दल कुणी बोलेना म्हणून लिहितो. मी तीन वर्षं मराठवाडी म्हशींचे टोणगे गोळा करून वाढवले. आपल्याकडं टोणगा जन्मला की त्याला दूध तोडतात, कोपऱ्यात बांधतात, तो महिन्याभरात मरतो. मला ते बघवत नव्हतं. स्वस्तात मिळतात, भरड गवत, कडबा, भुसकट काहीही पचवतात. गवतावर अंग धरणारं असं दुसरं जनावर नाही.

अडलं ते पाण्यापाशी. काळं कातडं, घाम कमी, त्याला डुंबायला पाणी लागतं, निदान दोन वेळा अंगावर तरी. पिण्याचं वेगळं, उन्हाळ्यात दिवसाला चाळीस-पन्नास लिटर. २०१८-१९ च्या उन्हाळ्यात बोअरवेल आटली. टँकरचं पाणी माणसांना पुरेना. पाच टोणगे मी छावणीत नेले आणि तिथूनच विकले. दोन वर्षांचा टोणगा मस्तीला आला की तरण्या गड्यालाही ओढत नेतो. पासष्टीच्या माणसाच्या हाती त्याची वेसण देऊ नका.

बालाघाटकर | ८ ऑक्टोबर, सकाळी ८:००

काका, हे वाचून वडिलांशी बोललो. आमच्याही बोअरवेलचं पाणी एप्रिलमध्ये अर्ध्या तासावर येतं. वडील म्हणाले, "टोणगा नको. पाणी शेंदून शेंदून हाडं झिजलीत." मेंढी-शेळीला उन्हाळ्यात किती पाणी लागतं?

निवृत्त_पशुवैद्य | ८ ऑक्टोबर, सकाळी १०:४०

पाणी जनावराच्या वजनावर लागतं. ढोबळमानानं ३० किलोच्या मेंढी-शेळीला मे महिन्यात चार-सहा लिटर धरा. दहा मेंढ्या म्हणजे एका रेड्याचं पाणी, पण दहा मेंढ्या एकदम विकाव्या लागत नाहीत. पाणी संपत आलं तर चार विकून सहा राखता येतात. अर्धा रेडा विकता येत नाही. दुष्काळी मुलखात लहान जनावर का टिकलं, त्याचं हे एक कारण आहे.

बालाघाटकर | १४ ऑक्टोबर, रात्री ९:१५

पाच दिवसांचं वाळवण झालं. आईनं पिशव्या रोज सकाळी पत्र्यावर पसरल्या आणि रात्री घरात घेतल्या. किराणा दुकानाच्या काट्यावर तोललं:

कुसळीचे तीन चौकोन: १८० ग्रॅम, १६० ग्रॅम, १९० ग्रॅम
मारवेल: ३९० ग्रॅम
खडकाळ पट्टा: ६० ग्रॅम

माळ भरलेला दिसत होता, म्हणून आकडे बघून थोडा खचलो. डॉक्टरसाहेब, याचा हिशेब कसा लावायचा?

निवृत्त_पशुवैद्य | १४ ऑक्टोबर, रात्री १०:३०

खचू नका. पहिल्याच वर्षी, शतकानुशतकं खरडलेल्या माळावर, हे वाईट नाही.

पाचही मिळून ९८० ग्रॅम, सरासरी १९६. एकरात ४,०४७ चौरस मीटर, म्हणजे एकरी सुमारे ७९० किलो वाळलेलं गवत. सहा एकराचं पावणेपाच टन. यातलं निम्मं माळावरच राहू द्यायचं. मुळांना, मातीला आणि पुढच्या पावसाला तेवढं लागतंच. तुमच्या हाताला येतं साधारण २,३८० किलो.

३० किलोची मेंढी दिवसाला किलोभर कोरडा चारा खाते, वर्षाला ३६५ किलो. म्हणजे साडेसहा मेंढ्या. ३०० किलोची गाय दिवसाला साडेसात किलो धरा, वर्षाला २,७०० च्या वर जाते. तुमचा सहा एकर माळ आज एका गायीला वर्षभर पुरत नाही. आणि त्या १०० शेळ्यांना ३६ टन लागले असते.

आता घरचा कडबा किती निघतो ते सांगा.

बालाघाटकर | १५ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

दोन एकर ज्वारी असते, मालदांडी. वडिलांच्या अंदाजानं बऱ्या वर्षी तीन टन कडबा. तुरीचं भुसकट एक खोली भरून.

रात्री झोप लागली नाही. मी मनात वीस-पंचवीस जनावरांचा आकडा धरून बसलो होतो. इथं विचारलं नसतं तर दिवाळीच्या बोनसमधून तेवढीच आणली असती आणि फेब्रुवारीत बाजार दाखवला असता.

निवृत्त_पशुवैद्य | १५ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

लहान जनावर कडब्याचा पाला आणि शेंडा खातं, बुडखा टाकतं. तीन टनांतला दीड टन पोटात जाईल, त्यावर आणखी चार. भुसकट आणि ज्वारी-तूर निघाल्यावरचं रान धरून एकूण १२ माद्या. त्याच्यावर एकही नको. दोन पावसाळे माळ सुधारला की पुन्हा चौकोन टाका आणि मग वाढवा.

ज्वारीच्या रानाबद्दल एक सूचना: काढणीनंतर खोडव्याला कोवळे फुटवे येतात. पाण्याचा ताण बसलेले ते फुटवे विषारी असतात. जनावर पोट फुगून, तडफडून तासाभरात जातं. फुटवे असलेल्या रानात सोडू नका.

मेंढपाळ_आष्टी | १५ ऑक्टोबर, रात्री ८:२०

१२ बास. मोठा कळप आमच्यावाणी फिरणाऱ्यानं ठेवावा, आमचा माळ म्हंजी सगळा मुलूख. तुमी एका जागी हाय.

दख्खनी घ्या. काळी, मध्यम अंगाची. माडग्याळ दिसाय भारी, उंच, बाकदार नाकाची, पर तिला चारा बी तसाच लागतो, ते जतकडचं जित्राब. दोन-तीन कोकरं देणारी पैदास फलटणला केलीया म्हणं, सुवर्णा.

निवृत्त_पशुवैद्य | १५ ऑक्टोबर, रात्री ९:००

हो. निंबकर संस्थेनं बंगालच्या गरोळ मेंढीतलं जुळ्यांचं जनुक दख्खनीत आणलं, ती नारी सुवर्णा. काम मोलाचं आहे. पण जुळी जगवायला आईला दूध हवं आणि दुधाला चारा. विकतचा खुराक न घालता पहिल्या वर्षी एका मेंढीमागं एक दणकट कोकरू मला पुरेसं वाटतं. माळ सुधारल्यावर हा विचार करता येईल.

येरमाळ्याची_लेक | १५ ऑक्टोबर, रात्री ९:४०

आकडे बघून मी माझं म्हणणं बदलते. कुसळी-मारवेल असेल तर मेंढी. पण बांधावरच्या बोरी आणि सहा बाभळी मेंढी खाणार नाही, त्या वाया जातील. आठ मेंढ्या आणि चार उस्मानाबादी शेळ्या, असं करा. बाभळीच्या शेंगा मार्च-एप्रिलमध्ये पडतात, तेव्हाच चाऱ्याची ओढ असते. एखादी मेंढी कोकराला घेईना तर शेळीचं दूध कामाला येतं, आणि आईच्या चहाचीही सोय होते.

कंधारचा_लाल | १६ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

हिशेब मान्य. माझ्याकडं अठरा एकर कुरण आहे आणि त्यावर पाचच गायी का, हे मला आज आकड्यात कळलं. आजोबा म्हणायचे, पाचाच्या वर नको. मी तो त्यांचा हट्ट समजत होतो.

मेंढ्यांचा आणखी एक फायदा. आमच्याकडं रानात मेंढ्या बसवायला शेतकरी धान्य नाहीतर पैसे मोजतात. तुमच्या तीन एकरांत रोज रात्री वाघूर, म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी, फिरवत नेलं तर खताचा खर्च जाईल.

बालाघाटकर | १६ ऑक्टोबर, रात्री १०:०५

आठ मेंढ्या, चार शेळ्या. घरात ठरलं. आता पुढचे प्रश्न. नेकनूरच्या बाजारातून घ्यायच्या का? गाभण घ्यायच्या का मोकळ्या? आणि विकायच्या कधी?

मेंढपाळ_आष्टी | १७ ऑक्टोबर, सकाळी ७:००

बाजारातून नको. बाजारात चार जिल्ह्याचा रोग एका दावणीला येतो आणि रुमालाखाली बोटं दाबून हेडी, म्हंजी दलाल, तुमाला दोन दातीच्या, म्हंजी तरण्या मेंढीच्या, भावात जुनी मेंढी देईल. आमच्या मेंढरांच्या वाड्यावर या, कळपातून घ्या. चार दाती बघा. सड दोन्ही चालू हायत का बगा, खूर वर करून वास घ्या, डोळ्याची खालची पापणी ओढून बगा. लाल पायजे, पांढरी पडली असंल तर पोटात जंत हाय. आत्ता गाभण घ्या, डिसेंबरात व्यातात. तवर रान मोकळं होतं, भुसकट असतं. दूध उतरतं.

आनि लोकरीचा पैसा धरू नका. वर्षातून दोनदा कातरावं लागतंय, आता त्याला कातरणाऱ्याची मजुरी बी निघत नाय. घोंगडी विणणारी घरं कमी झाली. मला लई वाईट वाटतं त्याचं.

येरमाळ्याची_लेक | १७ ऑक्टोबर, दुपारी १:१५

विकण्याचं मी सांगते. डिसेंबरची नर कोकरं गावच्या यात्रांच्या हंगामात, नाहीतर आखाडात विका. श्रावण लागला की मागणी उतरते, तेव्हा घाईनं विकू नका. बोकडांना बकरी ईदला भाव येतो, पण कुर्बानीला बोकड वर्षाचा पूर्ण लागतो आणि ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं येते. २०२३ ला २९ जूनला होती, २०२४ ला १७ जूनला. त्या हिशेबानं करडं कधी हवीत ते मागं मोजा. शेळीचे पाच महिने धरायचे.

आणि काही झालं तरी दारात आलेल्या खाटकाला नजरेच्या अंदाजानं देऊ नका. आम्ही गटाकडून टांगता काटा घेतला, तेव्हा कळलं की इतकी वर्षं प्रत्येक बोकडामागं तीन-चार किलो फुकट जात होते.

निवृत्त_पशुवैद्य | १७ ऑक्टोबर, दुपारी ३:००

घरी आणण्याआधी पीपीआरची लस झालीय का विचारा, नसेल तर २१ दिवस वेगळं बांधून मग टोचा. आंत्रविषाराची लस मे अखेरीस, पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवताआधी. जंताचं औषध पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. माळाचे चार भाग करा, एका भागात आठ-दहा दिवसांच्या वर ठेवू नका. मारवेलचा भाग राखून ठेवा, व्यायलेल्या मेंढ्यांसाठी.

बालाघाटकर | २४ नोव्हेंबर, रात्री ८:३०

आष्टीच्या भावाच्या वाड्यावर जाऊन आठ मेंढ्या आणल्या, सहा चार दाती आणि दोन दोन दाती. त्यानं स्वतः खूर उचलून दाखवले आणि एक मेंढी मी पसंत केलेली असताना "ही नको, हिचा एक सड बंद हाय" म्हणून परत कळपात सोडली. शेळ्या येरमाळ्याच्या ताईंच्या गटाकडून घेतल्या. २१ दिवसांपैकी आज नववा. वडील दोन्ही गोठ्यांत जाताना पायावर चुन्याचं पाणी ओततात.

खालच्या उतारावरची कापलेली कुसळी त्या खातात. वरची नाही खात.

बालाघाटकर | १९ डिसेंबर, रात्री ११:१०

सुट्टी काढून गावी आलोय. तासाभरापूर्वी पहिली मेंढी व्यायली, मारवेलच्या कडेला, कुंपणाला पाठ लावून. वडिलांनी बॅटरी धरली. नर कोकरू, काळं, कपाळावर पांढरा टिळा. काट्यावर २ किलो ७०० ग्रॅम. मेंढी चाटतेय, पण कोकरू अजून उभं राहिलं नाही. काय करू?

निवृत्त_पशुवैद्य | १९ डिसेंबर, रात्री ११:१४

जागा आहे मी. नाकातोंडातला चिकटा बोटानं काढा, गोणपाटानं अंग चोळून कोरडं करा. नाळेला आयोडीन. सडाची चिकाची गाठ पिळून काढा आणि सड तोंडात द्या, अर्ध्या तासात पहिला चीक पोटात गेला पाहिजे. वारा लागत असेल तर दोघांना आत घ्या.

मेंढपाळ_आष्टी | १९ डिसेंबर, रात्री ११:२०

आईला कोकरापास्नं लांब करू नगा. मेंढी बसली असंल तर कोकरू तिच्या नाकापुढं ठेवा.

बालाघाटकर | १९ डिसेंबर, रात्री ११:५२

प्यालं. शेपूट हलवतंय. वडील तिथंच घोंगडी पांघरून बसलेत, घरात यायला तयार नाहीत.

येरमाळ्याची_लेक | २० डिसेंबर, सकाळी ६:१०

त्यांना चहा तिथंच नेऊन द्या. आणि दुसरी मेंढी कधी येतेय त्यावर लक्ष ठेवा, कास तटतटली की एक-दोन दिवस.